दोन सह्यांचा कागद

गुढीपाडव्याला सालगडी ठेवायचा तर विदर्भातल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर आधी बोलणी होतात. रोख किती, धान किती, सणासुदीला सुटी किती, आजारी पडला तर काय. रोवणी हुंड्याने द्यायची झाली तरी बांध्या मोजूनच ठरते. कोण काय करणार, कधीपर्यंत करणार आणि काम झाले हे कशावरून मानायचे, एवढे ठरले की करार झाला. गोंदियाच्या श्रोत्यांना करार समजावून सांगायला नको. शिकण्याचाही असा करार होतो आणि तो विद्यार्थी स्वतः लिहितो, एवढीच काय ती नवी गोष्ट.

वैद्यकीच्या विद्यार्थ्याला मात्र करार म्हटले की बाँड आठवतो. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा. तो मजकूर शासनाचा, विद्यार्थ्याने फक्त खाली सही करायची. शिकण्याच्या कराराचा कागद कोरा मिळतो आणि पहिली ओळ लिहिणे सर्वांत जड जाते, कारण तिथे लिहायचे असते: मला काय येत नाही.

अमेरिकेतले प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७५ मध्ये स्वयंनिर्देशित अध्ययनावर पुस्तक लिहिले आणि १९८६ मध्ये एक आख्खे पुस्तक लर्निंग कॉन्ट्रॅक्टवरच. त्यांचा आराखडा साधा आहे. काय शिकायचे, कुठून आणि कोणाकडून, कधीपर्यंत, शिकलो याचा पुरावा काय आणि तो पुरावा कोण, कोणत्या कसोटीवर तपासणार. खाली विद्यार्थ्याची सही आणि मार्गदर्शकाची सही. दोघांच्या संमतीने करार मध्येच बदलताही येतो. यातला पुराव्याचा रकाना हा सगळ्याचा प्राण. तो रिकामा राहिला तर उरते ती नुसती इच्छा.

१९६९ हे साल इथे दोनदा येते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात त्या वर्षी वैद्यकीची पहिली तुकडी दाखल झाली आणि व्याख्यानांऐवजी रुग्णाची समस्या समोर ठेवून, लहान गटात, स्वतः शोधत शिकायची पद्धत तिथून जगभर गेली. त्याच वर्षी वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथल्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे आणि त्या गावातल्या कुटुंबांकडून शिकायचे, अशी रीत पडली. दोन ठिकाणांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण शिकण्याचा भार शिकणाऱ्याच्या खांद्यावर द्यायचा हे दोघांनीही मानले.

देशभरात हा विचार अभ्यासक्रमात उतरायला २०१९ उजाडले. क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि डॉक्टरच्या पाच भूमिकांत ‘आयुष्यभर शिकणारा’ ही भूमिका लेखी आली. त्या आराखड्यात पहिल्या वर्षी स्वयंअध्ययनासाठी शरीररचनाशास्त्राला ४० तास, शरीरक्रियाशास्त्राला २५ आणि जीवरसायनशास्त्राला २० तास होते. तास मिळाले, पण त्या तासांत करायचे काय? वाचनालयात बसवून हजेरी घेतली की स्वयंअध्ययन होत नाही. लॉगबुकाच्या सह्या शेवटच्या आठवड्यात एकगठ्ठा गोळा करण्याची धावपळ तर सर्वांना ठाऊक आहे. करार लागतो तो नेमका इथे.

गोंदियाला तो अधिक लागतो. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०१६ मध्ये इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १०० जागांचे. केटीएस आणि बाई गंगाबाई ही रुग्णालये त्याला जोडलेली. जिल्ह्यात धानशेती आहे, जंगल आहे, तलाव आहेत. त्यामुळे मलेरिया, सिकलसेल आणि सर्पदंश हे इथले रोजचे विषय. सालेकसा किंवा देवरीच्या आतल्या आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता एकट्या असलेल्या तरुण डॉक्टरला विचारायला कोणी प्राध्यापक नसतो. आपल्याला काय माहीत नाही हे ओळखून ते शिकून घ्यायची सवय त्याला त्याआधीच लागलेली असायला हवी.

असा एक करार डोळ्यांसमोर आणून पाहू. इंटर्नशिपला आलेली एक मुलगी, जुलैचे दिवस, रोवणी जोरात. ती लिहिते: सर्पदंशाच्या रुग्णाची वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी मला स्वतः, बिनचूक करता आली पाहिजे. शिकायचे कुठून? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शिका, मेडिसिन वॉर्डातले निवासी डॉक्टर आणि रात्रपाळीच्या अनुभवी सिस्टर. मुदत १५ ऑगस्ट.

चाचणी दिसायला सोपी आहे. दोन मिलिलिटर रक्त, नवी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी, वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायची, मग एकदाच तिरपी करायची. रक्त वाहिले तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे. घोणस चावल्यावर असे होते. पण साबणाने धुतलेली नळी चालत नाही, प्लास्टिकची तर नाहीच, कारण काच रक्त गोठण्याची क्रिया सुरू करते, प्लास्टिक तसे करत नाही. आणि नळी हातात घेऊन दर दोन मिनिटांनी हलवून पाहणारी माणसे थोडी नसतात. म्हणून पुराव्याच्या रकान्यात ती ‘मार्गदर्शिका वाचली’ असे लिहीत नाही. ‘सिस्टरसमोर पाच चाचण्या, प्रत्येकीची वेळ आणि निकाल वहीत, आणि एका नव्या इंटर्नला शिकवून दाखवणे’ असे लिहिते. मार्गदर्शक एक अट घालतात: रुग्णावरची पहिली चाचणी देखरेखीखालीच. स्वतः शिकणे म्हणजे रुग्णाच्या जिवावर एकट्याने शिकणे नव्हे, हे करारातच लिहिलेले असावे.

कागद नसतानाही असा करार निभावलेला एक डॉक्टर महाराष्ट्राने पाहिला आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती आणि पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हते. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, हातापायांचे गार पडणे टिपले. १९८२ मध्ये ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे रक्तदाबावरच्या प्राझोसिन या औषधाचा त्यांनी वापर केला आणि पूर्वी शंभरात पंचवीस-तीस रुग्ण दगावत तिथे हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. प्रश्न स्वतःचा, साधने हाताशी होती तेवढीच, आणि पुरावा सगळ्या जगाला तपासता येईल असा. सगळ्यांना बावस्कर होता येणार नाही. पण प्रश्न लिहून काढणे आणि पुरावा ठेवणे शिकवता येते.

अडचणी आहेतच. बारावीपर्यंत आणि नीटच्या क्लासमध्ये ज्याला प्रत्येक प्रश्न दुसऱ्याने काढून दिला, तो पहिला करार ‘कार्डिओलॉजी शिकणे’ असा लिहितो. तो परत द्यावा लागतो, दोनदा, तीनदा. अध्यापकाचा वेळ त्यातच जातो, आणि ओपीडीत रांग असताना तो काढणे कठीण असते. शिवाय आपल्याला काय येत नाही हे नवख्याला नेमके दिसतही नाही. म्हणून दुसरी सही शोभेची नाही. मार्गदर्शकाने तिथे एक प्रश्न विचारायचा असतो.

त्या मुलीचा कागद १५ ऑगस्टला परत येतो. पाच चाचण्या झालेल्या, वहीत वेळा नीट. मार्गदर्शक सही करतात आणि समासात लिहितात: जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून आला, चावल्याची खूण नाही, रक्त वीस मिनिटांत नीट गोठले. घरी पाठवाल?

ती सिस्टरकडे जाते. मण्यारीचा दंश दुखत नाही आणि तिच्या विषाने रक्त बिघडत नाही. आधी पापण्या जड होतात, मग श्वास. रात्री ती नवा कागद घेते आणि पहिल्या ओळीत लिहिते: उतरत्या पापण्या आणि एका श्वासात मोजता येणारे आकडे यांवरून श्वास थकत चालल्याचे मला वेळेत ओळखता येत नाही.