उद्योगी स्त्री व दानधर्म

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, नाताळपूर्वीच्या शनिवारी, उद्योगी स्त्रियांच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



देवळाच्या अंगणात आज मांडलेली ही मेजे पाहून आम्हांस मोठा संतोष वाटतो. करंज्या, नानखटाई व दोदोल, घरी कुटलेले मसाले, शिवणकाम, फुलांच्या वेण्या, गोठ्याच्या मूर्ती असा सर्व थाट येथे आहे. आणि पलीकडच्या कोपऱ्यात इतरांचे हिशेब लिहून देणाऱ्या एका सुशिक्षित भगिनीचेही मेज आहे. त्या मेजापाशी कोणी फिरकत नाही असे आमच्या दृष्टीस पडले. वास्तविक सर्वांनी प्रथम तेथेच जावयास हवे. त्याचे कारण पुढे सांगू.

देवळाच्या आवारात व्यापार मांडलेला पाहून आपल्यांतील काही वडीलधाऱ्या मंडळींस खेद झाला आहे. प्रभूने यरुशलेमच्या मंदिरातून विक्री करणाऱ्यांस हाकलून दिले नाही काय, असे ते विचारतात. प्रश्न योग्य आहे व त्यास उत्तर दिले पाहिजे. संत मार्क सांगतात की, प्रभूने सराफांची मेजे उलथली आणि पारवे विकणाऱ्यांच्या बैठकाही उलथल्या. पारवे कोण विकत घेत असे? मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ज्या बाळंतिणीस कोकरू अर्पिण्याची ऐपत नसे, तिने दोन पारवे अर्पावे असा नियम होता. पवित्र मरियेने बाळ येशूस मंदिरात नेले तेव्हा तिनेही गरिबांचेच अर्पण केले, हे संत लूकच्या शुभवर्तमानावरून आपणांस ठाऊक आहे. म्हणजे पारव्यांच्या त्या बैठकांपुढे जे गिऱ्हाईक उभे असे ते बहुधा गरीब असे, आणि भक्तीच्या नावाखाली त्याची लूट होत असे. प्रभूस विक्रीचा तिटकारा नव्हता. तो सुताराच्या घरी वाढला व घडविलेल्या वस्तूचे मोल त्यास ठाऊक होते. देवाच्या नावाने दुर्बळाच्या पदरातून पैसा काढावा, ह्याचा त्यास संताप आला. ह्यास्तव आजची मेजे राहोत. परंतु ती कसोटी मात्र आपणांसही लावून घेतली पाहिजे.

आणि ती लावू लागलो असता आम्हांस एका ठरावाविषयी बोलणे प्राप्त आहे. प्रत्येक भगिनीने आजच्या विक्रीचा दशांश धर्मग्रामातील आजाऱ्यांच्या औषधपाण्यासाठी द्यावा, असे मेळाव्याच्या समितीने ठरविले आहे. हेतू उत्तम आहे. परंतु हिशेब करून पाहा. समजा, एकीने १,००० रुपयांच्या करंज्या विकल्या. रवा, खोबरे, साखर, तूप व गॅस ह्यांस ७५० रुपये लागले. उरले २५०, आणि त्यांसाठी तिचे दोन दिवस चुलीपुढे गेले. दशांशाचे १०० दिले की हाती राहिले १५०. दुसरीने यंत्रावर शिवलेले कपडे १०,००० रुपयांस विकले व खर्च वजा जाता तिला ४,००० उरले. तिने १,००० दिले. हाती राहिले ३,०००. सभेत टाळ्या दुसरीस पडतील. पण पहिलीने आपल्या मिळकतीच्या पाच वाट्यांपैकी दोन वाटे दिले, दुसरीने चारांतला एक. शिवाय पहिलीचे जे गेले तो नफा नव्हेच, ती तिची मजुरी होती.

विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट अशा वेळी कोणीतरी सांगतोच. प्रभूने त्या विधवेची थोरवी गायिली हे खरे. पण त्याच अध्यायात, त्या गोष्टीच्या लगेच अगोदर, विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांस त्याने कठोर शब्द सुनावले आहेत. विधवेने स्वखुशीने सर्वस्व द्यावे हे तिचे पुण्य. तिच्यावर पट्टी बसवावी हे आमचे पुण्य नव्हे. परमगुरुस्वामी तेरावे लिओ ह्यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रात कष्टकऱ्याच्या रास्त वेतनाविषयी जे शिकविले, ते गिरणीतल्या मजुरापुरतेच नाही. स्वतःच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या स्त्रीलाही ते लागू आहे. अडचण इतकीच की तेथे धनी व मजूर एकच असल्यामुळे ती स्वतःचेच वेतन बुडविते, आणि त्याची तक्रार कोणाकडे करणार! म्हणून हिशेबाच्या मेजापाशी जा, असे आम्ही म्हणालो. आपल्या तासांचे मोल वहीत आधी मांडा, मग नफा ठरवा, आणि त्या नफ्यातून दान द्या. समितीने ठराव तसा दुरुस्त करावा अशी आमची विनंती आहे. निधी थोडा कमी जमेल. जमू दे.

मुंबईत गिरगाव येथे १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. तीच पुढे लिज्जत पापडाची संस्था झाली. तोटा आला तरी कोणाकडे देणगी मागावयाची नाही, हा त्यांचा आरंभीचा निर्धार होता. धंदा तो धंदा व दान ते दान, हा विवेक त्यांनी राखला, म्हणूनच त्या संस्थेत पुढे हजारो स्त्रियांची चूल पेटली.

आता ओळखीविषयी. आजच्या मेळाव्याचा दुसरा हेतू भगिनींची परस्परांशी ओळख व्हावी हा आहे, आणि आमच्या मते दानपेटीहून तो मोठा आहे. आपल्या वसईच्या आज्या-पणज्या भाजीच्या, फुलांच्या व सुकेळ्यांच्या टोपल्या घेऊन मुंबईच्या बाजारांत गेल्या, त्या सोबतीच्या बायकांच्या आधारानेच. कोणत्या बाजारात काय खपते, कोणता दलाल वजनात मारतो, हे शहाणपण गाडीच्या डब्यात एकीकडून दुसरीकडे जात असे. ज्या स्त्रीस कोणाचीच ओळख नाही तिच्याजवळ हुन्नर असूनही ती दरिद्री राहते.

पवित्र शास्त्रात लुदियेची कथा आहे. ती थुवतीरा नगरची, जांभळी वस्त्रे विकणारी. फिलिप्पै येथे नदीकाठी प्रार्थनेस जमलेल्या स्त्रियांमध्ये तिने संत पौलाचे वचन ऐकले, घराण्यासह बाप्तिस्मा घेतला आणि प्रेषितांस आग्रहाने आपल्या घरी उतरविले. त्याच फिलिप्पैच्या मंडळीने पुढे पौलास वारंवार साहाय्य धाडले, हे त्याच्या पत्रावरून दिसते. व्यापारी बाईचे दार उघडले आणि त्यातून एका मंडळीस आसरा मिळाला.

मग आज कोणाचे दार उघडावयाचे? फाटकाबाहेर टोपली घेऊन एक भगिनी बसल्या आहेत. मेजाचे भाडे परवडले नाही म्हणून त्या आत आल्या नाहीत, असे आम्हांस कळले. त्यांच्यासाठी आमच्या आसनाशेजारी एक मेज रिकामे करविले आहे. कोणी दोघीजणी जाऊन त्यांस सन्मानाने आत घेऊन या. पुढील वर्षापासून अशी दोन मेजे विनामूल्य राहतील, भाडे धर्मग्राम सोशील.

निधीविषयी एवढेच की, किती जमले व किती खर्चिले ह्याचा हिशेब तीन राजांच्या सणानंतरच्या रविवारी मिस्सेनंतर वाचला जाईल. ज्यांस औषधे मिळाली त्यांची नावे वाचली जाणार नाहीत, व ती कोणी विचारू नयेत.

प्रवेशापाशी एक वही ठेविली आहे. आपण काय करता, काय शिकवू शकता आणि कशाची नड आहे, ह्या तीन गोष्टी प्रत्येकीने तीत लिहाव्या. ज्यांस लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आमच्या धर्मभगिनी तेथे बसल्या आहेत. तिसऱ्या रकान्यात लिहावयास संकोच करू नये.