पाहुणे किती दिवस राहणार?

(कनेरगाव नाका येथे प्रौढवर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही दिवसभर राबून आला आहात. फार वेळ घेणार नाही. परक्या गावात राहायला गेलेल्या माणसांची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. त्यात थोडी आमचीही फजिती आहे.

परके गाव म्हणजे काय, हे तुम्हांला आम्ही सांगावे असे नाही. आपल्या भागातली कितीतरी माणसे दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन उसाला जातात. कारखान्याच्या रानात कोपी घालतात. पहिले दिवस कसे जातात? पाणी कुठून भरायचे ते ठाऊक नसते. दुकानदार उधार देत नाही. रात्री लेकरू तापले तर कोणाचे दार वाजवावे ते कळत नाही. गावची माणसे लांबून बघतात. बरे, तिथे निदान मराठी बोललेले कळते. जिथे आपला एक शब्दही कोणाला कळत नाही, तिथे काय होत असेल?

काही माणसे अशा ठिकाणी आपण होऊन जातात. पोटासाठी नाही, सेवेसाठी. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली थेट चीन देशात गेले. जपानने चीनवर स्वारी केली होती. जखमी लोकांवर इलाज करायला आपल्या देशातून पाच डॉक्टर गेले, त्यांत हे एक. बाकीचे चौघे पुढे परत आले. कोटणीस तिथेच राहिले. चिनी भाषा शिकले. तिथल्या एका परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन! १९४२ साली कोटणीस तिथल्याच एका खेड्यात वारले. वय अवघे बत्तीस.

पण त्यासाठी समुद्र ओलांडायलाच पाहिजे असे नाही. आपल्याच राज्यात, गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, भामरागड तालुका आहे. सगळे दाट जंगल. तिथे माडिया गोंड लोक राहतात. त्यांची भाषा वेगळी. पाण्याला ते 'एर' म्हणतात.

बाबा आमटे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. वरोऱ्याजवळ आनंदवनात त्यांनी कुष्ठरोग्यांची वसाहत उभी केली. त्याच बाबांनी १९७३ साली भामरागडजवळ हेमलकसा येथे 'लोकबिरादरी प्रकल्प' सुरू केला. त्यांचे धाकटे चिरंजीव डॉक्टर प्रकाश आणि सूनबाई मंदाकिनीताई, दोघेही डॉक्टर. नागपूरचे शिक्षण आणि नोकरी सोडून दोघे तिथे राहायला गेले. बरोबर काही सोबतीही होते. वीज नव्हती. धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात नाले भरले की बाहेरच्या जगाशी संबंध तुटे.

दवाखाना उघडला. औषध फुकट. तरी कोणी येईना! लोक यांना पाहून रानात निघून जात.

असे का? जरा विचार करा. तोवर अंगभर कपडे घालून त्या जंगलात कोण येत असे? ठेकेदार, व्यापारी, सरकारी शिपाई. जो आला तो काहीतरी न्यायला किंवा दम द्यायला आला. मग हे नवे आले, तेही तसलेच असणार, असे लोकांना वाटले तर त्यांचे काय चुकले? आम्हांला तर वाटते, पळणारे लोक शहाणेच होते.

डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न भाषेचा. रोग्याला 'पोट दुखते का' हे विचारता आले पाहिजे. शिकायला पुस्तक नाही, मास्तर नाही. वस्तूकडे बोट दाखवायचे, नाव विचारायचे, वहीत लिहून ठेवायचे. तुम्ही पाटीवर 'अ' काढताना अडखळता आणि तुम्हांला लाज वाटते ना? मोठ्या परीक्षा पास झालेले ते डॉक्टर तिथे तुमच्यासारखेच अडखळत होते. चूक झाली की पोरेसोरे हसत असणार. हसू द्यावे. हसणारे पोर पळून जात नाही, जवळ येते.

मग एक दिवस एक रोगी आला. त्याला फेफरे येत असे. फेफऱ्यात तो विस्तवात पडला आणि अंग होरपळले. असा माणूस वाचेल ही आशा कोणालाच नव्हती. पण डॉक्टरांनी इलाज केला आणि तो बरा झाला. ही बातमी पाड्यापाड्यांतून गेली. त्यानंतर लोक येऊ लागले. मैलोगणती चालत येऊ लागले. बोलून जे झाले नसते ते त्या एका माणसाने केले.

थंडीत लोकांच्या अंगावर पुरते कापड नसे. आपण तेवढे उबदार कपडे घालून त्यांच्यात हिंडावे, हे प्रकाशभाऊंना बरे वाटेना. तेव्हापासून ते बनियन आणि अर्धी चड्डी एवढ्यावर राहू लागले. आणखी एक गोष्ट. माडिया लोक शिकार करत, ती भुकेपोटी. 'शिकार पाप आहे' असे डॉक्टरांनी त्यांना सुनावले नाही. मारलेल्या जनावराची पिले मागे उरत, ती आणून द्या, बदल्यात धान्य घ्या, असे सांगितले. त्यातूनच तिथे अनाथ वन्यप्राण्यांचे घर उभे राहिले. १९७६ साली शाळा निघाली. त्या शाळेतली माडिया मुले पुढे डॉक्टर झाली, वकील झाली. २००८ साली या नवराबायकोला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे जगाला कळायला पस्तीस वर्षे लागली.

आता आमची फजिती. काही वर्षांपूर्वी आम्ही कळमनुरीच्या बाजूला एका डोंगरातल्या वाडीत गेलो. आंध समाजाची वाडी. भाषा मराठीच, म्हणजे आम्हांला एर म्हणायचीही अडचण नव्हती. पाट्या नेल्या, तक्ते नेले, सौरदिवा नेला. आणि जाताच दवंडी दिली, की रोज सायंकाळी सहाला वर्ग भरेल.

दिवस कापूस वेचणीचे. सहा वाजता बाया शिवारातून परतायच्या, मग पाणी, मग चूल. तीन दिवस वर्गाला एक माणूस आले नाही. आम्ही मनात म्हणालो, या लोकांना शिकायची हौसच नाही. पाहा, किती लवकर म्हणालो!

चौथ्या दिवशी एक आजी येऊन ओट्यावर टेकली. तिने विचारले, "पाव्हणं, किती दिस राहनार?"

आम्ही मोठ्या ऐटीत म्हणालो, "पंधरा दिवस, आजी."

आजी म्हणाली, "मंग सोळाव्या दिशी कोन येनार?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. अजून ती ऐट आठवली की लाज वाटते. उसाला गेलेल्या माणसाला मुकादमाची उचल फेडल्याशिवाय परत फिरता येत नाही. आम्हांला मात्र वाटेल तेव्हा फिरता येत होते, आणि हे आजीने ओळखले होते.

मग आम्ही वेळ विचारली. आजी म्हणाली, जेवणं झाल्यावर, नऊला, माझ्या ओसरीत या. त्या रात्री सात बाया आल्या. पुढे पंधरा दिवस संपले आणि आम्ही ठरल्याप्रमाणे निघून आलो. बायांची नावे अर्धीच शिकवून झाली होती. होळीनंतर परत गेलो, तर पाट्या चुलीमागे रचून ठेवलेल्या. आजी आम्हांला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्या वर्षी आमच्यातल्या एका ताईंनी वाडीत खोली घेतली आणि त्या तिथे राहायला गेल्या. सामान उतरवत होत्या, तेवढ्यात आजी आली आणि तिने तेच विचारले, "बाई, किती दिस राहनार?"

ताई म्हणाल्या, "ते अजून ठाऊक नाही, आजी. आधी पाणी कुठून भरायचं ते सांगा."

आजीने नातीला हाक मारली, आणि तिला ताईंबरोबर विहिरीवर धाडले.