पाहुणा कलावंत आणि घरचे साथीदार



सकाळी चहा घेताना कळलं, की पुढच्या महिन्यात तुमच्या शहराच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम आहे. कंडक्टर बाहेरचे, व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईही पाहुण्या, आणि मंडळातल्या वीस-बावीस जणांनी तिकिटं काढली आहेत. मी आलो होतो झाडीपट्टीच्या नाटकांवर बोलायला. पण तिकिटांचं ऐकलं आणि वाटलं, आज दोन्हींवर एकदमच बोलावं.

मी झाडीपट्टीतल्या चिखल्याचा. भंडारा जिल्हा, तालुका तुमसर, पलीकडे लगेच मध्य प्रदेश. गोबरवाही स्टेशनवर उतरायचं. गावाची ओळख म्हणजे मँगनीजची खाण, आता 'मॉयल'ची. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात आणि रात्रभर नाटक चालतं. नाटकाला नागपूरची, कधी मुंबईची नटी येते. ती दुपारी उतरते, एक तालीम होते आणि रात्री पडदा वर जातो.

माझ्या शाळेच्या दिवसांतली एक रात्र सांगतो. थंडी कडाक्याची. मंचासमोर संगीताची पार्टी बसलेली आणि ऑर्गनवर आमचे पेटीमास्तर. ते खाणीत कामाला होते, कितीही हात धुतले तरी नखांच्या कडा काळ्याच. मी बाजूला वही धरून. बाईंचं पद काळी चारमध्ये बसवलं होतं. पद यायच्या जरा आधी बाई पडद्याआडून वाकल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, आवाज बसलाय, अर्धा स्वर खाली घ्याल?" मास्तर म्हणाले, "काई फिकर नोका करू जी, घेतो." पाय भात्यावर चालूच. त्यांनी तबलजीकडे पाहून नुसती मान हलवली. तबलजीने हातोडीने गट्ठे वर सरकवून तबला उतरवला. पद पांढरी पाचमध्ये सुरू झालं. बोटांची सगळी ठेवण बदलली होती. वहीतलं एक अक्षर उपयोगाचं नव्हतं, पण मी ती धरून उभाच. पदाला वन्समोअर पडला. समोरच्या हजारभर लोकांतल्या कुणाला काही कळलं नाही.

ऑर्केस्ट्रात हे असं करता येत नाही. सत्तर-ऐंशी वादकांसमोर लिहिलेला कागद असतो. म्हणून कार्यक्रमाला पंधरा मिनिटं आधी जा. दिवे मंद होताना ओबो नावाचं एक सुषिर वाद्य एकच स्वर लांब धरेल. आपल्या भाषेत तो पांढरी सहा. त्या स्वराला सगळे आपापली वाद्यं मिळवून घेतात, आणि पाहुण्या बाईंनाही तिथेच यावं लागतं.

सूर असा पक्का असला, तरी लय मात्र वाकते. बाई एखाद्या जागेवर रेंगाळतील, पुढे एकदम धावतील. कंडक्टरची नजर त्यांच्या गजावर असेल आणि ऐंशी माणसं त्यांच्या हातावर चालतील. हा कंडक्टरही पाहुणाच, त्याच्या वाट्याला मोजक्याच तालमी येतात. तेव्हा पहिल्या रांगेतल्या पहिल्या व्हायोलिनवाल्याकडे बघा. मागचे लोक त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून पुष्कळ काही ओळखतात. मग एक वेळ येईल, ऑर्केस्ट्रा थांबेल आणि बाई एकट्याच वाजवतील. ते संपताना बहुधा दोन स्वर जलद थरथरत राहतात. आपण तिहाई मोजत समेची वाट पाहतो ना, तसे सगळे दबा धरून असतात. माझ्या मते संध्याकाळचा सर्वांत सुंदर क्षण तोच.

आपल्या माणसांनी साथीदार म्हणूनही आणि पाहुणे म्हणूनही हे काम केलंय. 1958 साली गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मोठा वाद्यवृंद उभा केला, आणि त्यापुढे लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. सिनेमाच्या गाण्यांना साज चढवणाऱ्या त्यांच्यासारख्या गोवेकरांची नावं पडद्यावर क्वचितच आली. गोन्साल्विसांचं नाव घरोघरी पोचलं ते 1977 च्या एका गाण्यामुळे, तेही त्याचे संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य होते म्हणून. ही गोष्ट मला आजही टोचते.

पुढे 2006 मध्ये मुंबईच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. 2015 मध्ये याच ऑर्केस्ट्राबरोबर, झेन दलाल यांच्या संचालनाखाली, झाकीर हुसेन यांनी 'पेशकार' हा तबल्याचा कन्चेर्टो सादर केला. एरवी तबल्याच्या एकलवादनाला एक पेटी नाहीतर सारंगी लेहरा धरते. इथे ती जागा अख्ख्या ऑर्केस्ट्राने घेतली. माहीमच्या पोराने वाजवलेल्या तबल्यामागे एवढी माणसं श्वास धरून बसली, हे मला फार मोठं वाटतं.

कार्यक्रम संपल्यावर बाईंना फुलं मिळतील. मग कंडक्टर हात वर करून सगळ्या ऑर्केस्ट्राला उभं करतील. मंडळी, टाळ्या तेव्हाही तेवढ्याच वाजवा.

त्या रात्री नाटक संपलं तेव्हा उजाडायला आलं होतं. बाईंची गाडी तुमसरच्या रस्त्याला लागली. मास्तरांनी ऑर्गनवर चादर टाकली, शेकोटीवर दोन मिनिटं हात शेकले, सायकल काढली आणि पहिल्या पाळीला खाणीकडे निघाले.