बोलला कोण आणि सांगतो कोण?



एखाद्या शेतकऱ्याने बँकेच्या वरिष्ठ कार्यालयाला इंग्रजीत अर्ज लिहिला आहे, अशी कल्पना करा. शाखेच्या मॅनेजरसाहेबांनी त्याला तोंडी सांगितले होते, "मी तुम्हांला कर्ज देईन." महिने गेले, कर्ज काही मिळाले नाही. तेव्हा त्याने गावातल्या एका शिकलेल्या मुलाला हाताशी धरले आणि अर्जात वाक्य घातले: 'द मॅनेजर सेड दॅट आय विल गिव्ह यू अ लोन.' शब्द सगळे बरोबर, स्पेलिंगही बिनचूक. पण वरिष्ठ कार्यालयातला अधिकारी हे वाक्य वाचील तेव्हा त्याला काय कळेल? त्याला कळेल ते असे, की हा अर्जदारच आपल्याला कर्ज देणार आहे आणि तसे मॅनेजरने सांगितले आहे!

आपल्याला हसू येईल. पण वचन कोणी दिले आणि कोणाला दिले, एवढीच गोष्ट त्या अर्जात महत्त्वाची होती, आणि नेमकी तीच उलटी झाली. जबाब, तक्रार, सभेचा वृत्तान्त, नोकरीचा अर्ज, कोणताही कागद घ्या. दुसऱ्याचे बोलणे त्यात सांगावेच लागते. म्हणून आज इंग्रजी वाक्यातली सर्वनामे आणि गौण वाक्ये यांविषयी थोडे बोलू. त्यातही मुख्य क्रियापद भूतकाळी असते तेव्हा काय होते, तेवढेच पाहू.

त्या मुलाची चूक झाली ती अज्ञानाने नव्हे, तर मराठी चांगली येत असल्यामुळे झाली. आपण म्हणतो, "साहेब म्हणाले की मी तुम्हांला कर्ज देईन." यातला 'मी' म्हणजे साहेब, हे लहान पोरालाही सांगावे लागत नाही. मराठीत 'की' हा शब्द आला, की सांगणारा बाजूला सरतो आणि मूळ बोलणारा पुढे येऊन स्वतःच्या तोंडाने बोलू लागतो. जुन्या काळचा निरोप्या पाठ केलेला निरोप जसाच्या तसा म्हणून दाखवी, तशीच ही रीत आहे.

इंग्रजीतला निरोप्या वेगळा. तो निरोप आधी पचवतो आणि मग स्वतःच्या तोंडाने सांगतो. अवतरणचिन्हे घालून मूळ शब्द दिले, तर गोष्ट निराळी. पण 'दॅट' घालून गौण वाक्य केले, की त्या वाक्याचा मालक सांगणारा. 'आय' म्हणजे सांगणारा, 'यू' म्हणजे जो ऐकतो किंवा वाचतो तो, आणि बाकीचे सगळे 'ही', 'शी' नाहीतर 'दे'. म्हणून अर्जातले वाक्य हवे होते ते असे: 'द मॅनेजर सेड दॅट ही वुड गिव्ह मी अ लोन.' साहेबांचा 'मी' तो 'ही' झाला, साहेबांचे 'तुम्हांला' ते 'मी', म्हणजे 'मला' झाले.

आता 'विल'चे 'वुड' का झाले? कारण तेच. सांगणारा आज उभा आहे, बोलणे होऊन गेले आहे. त्या बोलण्यातला काळही तो आपल्या जागेवरून पाहतो, म्हणून तो एक पायरी मागे सरकतो. 'इज'चे 'वॉज' होते, 'विल'चे 'वुड' होते, 'हॅज कम'चे 'हॅड कम' होते. ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने (१८६०–१९४३) या प्रकाराला मागे सरकणे याच अर्थाचे नाव दिले आहे. आपल्याकडे मुलांना या बदलांचे तक्ते पाठ करायला लावतात. तक्ता वाईट नाही, पण त्याच्यामागचे कारण सांगितले नाही, तर मुलगा परीक्षेपुरता तो लक्षात ठेवतो आणि पत्र लिहिताना विसरतो.

नुसत्या तक्त्याने घोटाळा कसा होतो, पाहा. 'टुमारो'चे 'द नेक्स्ट डे' करावे, असे तक्ता सांगतो. कंडक्टर सोमवारी म्हणाला, "उद्या गाडी बंद आहे." हे मी शुक्रवारी सांगत असेन, तर 'द नेक्स्ट डे' म्हणणे बरोबर. पण सोमवारीच संध्याकाळी घरी सांगत असेन, तर 'टुमारो' तसाच राहील, कारण कंडक्टरचा उद्या आणि माझा उद्या एकच आहे. 'हिअर'चे 'देअर' करतानाही हाच विचार. शब्द बदलतात ते सांगणाऱ्याची जागा बदलली म्हणून, तक्त्यात लिहिले आहे म्हणून नव्हे.

दुसरे उदाहरण गॅलिलिओचे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत मांडल्याबद्दल १६३३ साली रोममध्ये त्याच्यावर धर्मपीठापुढे खटला चालला. त्याचे मत इंग्रजीत कसे सांगाल? त्रिकालाबाधित सत्य असेल तर वर्तमानकाळ ठेवा, असे शाळेत शिकवतात. म्हणजे 'गॅलिलिओ सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज.' हे बरोबरच आहे. पण 'मूव्ह्ड' म्हटले तरी व्याकरण मोडत नाही. 'मूव्ह्ज' म्हणणारा स्वतः त्या सत्याची ग्वाही देतो, तर 'मूव्ह्ड' म्हणणारा फक्त गॅलिलिओचे म्हणणे नोंदवतो. एका क्रियापदात सांगणाऱ्याची जबाबदारी अशी दिसते.

आता उलट बाजू. 'ही सेड दॅट ही वॉज इल' या वाक्याचे मराठी पुष्कळ जण करतात, "तो म्हणाला की तो आजारी होता." मराठी कानाला यातून वाटते, की आजार पूर्वी होता, आता उतरला, शिवाय आजारी कोणी भलताच होता. खरे मराठी असे: "आपण आजारी आहोत, असे तो म्हणाला." इंग्रजीतले 'वॉज' हे सरकलेले 'आहे' आहे. मराठीत आणताना ते पुन्हा जागेवर बसवले पाहिजे. आजार खरोखरच आधीचा असता, तर इंग्रजी सामान्यतः 'हॅड बीन' म्हणाली असती.

यावरून इंग्रजी अधिक नेमकी आणि मराठी भोंगळ, असे मात्र कोणी समजू नये. 'रामा टोल्ड गोविंदा दॅट ही हॅड फेल्ड.' नापास कोण झाला, रामा की गोविंदा? 'ही' दोघांनाही लागू पडते, आणि खुलासा करायचा तर नाव पुन्हा घालावे लागते. मराठीत "आपण नापास झालो, असे रामाने गोविंदाला सांगितले" किंवा "तू नापास झालास, असे सांगितले" म्हटले, की शंका उरत नाही. आपले 'आपण' हे सर्वनाम या कामी मोठे उपयोगाचे आहे. मुलांना हेही दाखवावे. दोन्ही भाषांच्या रीती शेजारी ठेवल्या, म्हणजे दोन्ही पक्क्या होतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. पण दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची ही अडचण मोठ्या वर्गांत येतेच. त्यासाठी एक सोपा खेळ सुचवतो. तीन मुले उभी करा. पहिल्याने दुसऱ्याला एक वाक्य सांगावे: "मी तुला माझी वही देईन." दुसऱ्याने ते तिसऱ्याला इंग्रजीत सांगावे. सांगण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. बोलला कोण? सांगतो कोण? ऐकतो कोण? प्रत्येक सर्वनामाला त्याने बोट दाखवावे. 'आय' म्हणताना बोट स्वतःकडे वळले पाहिजे, 'यू' म्हणताना ऐकणाऱ्याकडे. बोट चुकले, की वर्गच सांगेल. मग चौथा प्रश्न: बोलणे केव्हा झाले, आणि आपण केव्हा सांगतो? त्यातून काळ आपोआप सरकेल.

प्रश्नार्थक वाक्यालाही हाच न्याय. "तू कुठे गेला होतास?" असे मला विचारले, हे सांगताना 'ही आस्क्ड मी व्हेअर डिड आय गो' असे लिहू नये. 'ही आस्क्ड मी व्हेअर आय हॅड गॉन' असे लिहावे. आता मी प्रश्न विचारीत नाही, विचारलेला प्रश्न सांगतो आहे, म्हणून शब्दांचा क्रमही साध्या विधानाचा होतो.

दुसऱ्याचे शब्द पोचवणे हे विश्वासाचे काम आहे. वचन देणाऱ्याचे वचन त्याच्याच गळ्यात राहिले पाहिजे आणि तक्रार करणाऱ्याची तक्रार त्याच्याच नावावर राहिली पाहिजे. 'आय' की 'ही', 'विल' की 'वुड', हे शब्द दिसायला लहान असतात. पण कोण कोणाला काय म्हणाले, याचा निवाडा त्यांच्यावरच होतो. तेवढे मुलांच्या हाती आले, तर पुढे कागद लिहिताना त्यांना दुसऱ्याचे तोंड पाहावे लागणार नाही.