पेरणीचे दान

१९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ न्यास स्थापून या रोगाच्या संशोधनास धन दिले. तेव्हा औषध नव्हते, यशाची हमीही नव्हती. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. सिडनी फार्बर यांच्या उपचारांनी १६ पैकी १० मुलांत सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती. पण वाट सापडली. त्या औषधामागे येल्लाप्रगड सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाचे परिश्रम होते. आज प्रगत देशांत अशी दहांपैकी आठांहून अधिक मुले बरी होतात.

हिंगोलीच्या शेतकऱ्याला हे मर्म सांगावे लागत नाही : दाणा आधी मातीत घालावा लागतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरणाऱ्या बालकाला मदत करावीच. पण संशोधनाच्या पेरणीसाठीही समाजाने ओंजळ रिती करावी.