पत्ता हाच पास



उन्हाळ्यातल्या व्याख्यानमालेत वेदान्तापासून क्रिकेटपर्यंत सगळे विषय होऊन जातात. कॉलेजच्या पोरापोरींनी गावात स्वस्तात कसं फिरावं, या विषयाला मात्र सहसा कुणी संध्याकाळ देत नाही. संयोजकांनी ती दिली आणि वेळही अचूक साधली. आणखी महिनाभरात निकाल लागतील, प्रवेश सुरू होतील. गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडची मुलं आईबापांबरोबर आपल्या कोल्हापुरात खोली शोधत हिंडू लागतील. फी किती, मेस किती, भाडं किती, याची चौकशी ते चोख करतात. जाण्यायेण्याचा विषय निघाला की म्हणतात, ‘ते काय, बघता येईल की!’

माझं आजचं म्हणणं या ‘बघता येईल’ला धरूनच आहे. विद्यार्थ्याच्या प्रवासाचा खर्च बसमध्ये चढताना ठरत नाही. तो खोली घेताना ठरतो.

ही गोष्ट कोल्हापूरला कुणी नव्यानं सांगायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग आलं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शिक्षणाचा आणि सामाजिक न्यायाचा इतिहास म्हणून आपण हे सगळं सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण ही बोर्डिंगं उभी कुठं राहिली तेही बघा. आजही दसरा चौकात उभं राहिलं की जैन बोर्डिंग आणि मुस्लिम बोर्डिंग दोन्ही दिसतात. राजाराम कॉलेज आणि हायस्कूल तेव्हा भवानी मंडपाजवळ होतं. पोरगं बोर्डिंगातून निघालं की पंधराएक मिनिटांत वर्गात. ना घोडागाडी, ना सायकल. कर्मवीर भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहून इथंच शिकले आणि पुढं १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. खेड्यातल्या पोराला नुसती फी माफ करून भागत नाही, त्याला शाळेच्या जवळ आणून ठेवावं लागतं, हे महाराज आणि भाऊराव दोघांनीही ओळखलं होतं. त्या अर्थानं कोल्हापूरची पहिली वाहतूक योजना म्हणजे ही बोर्डिंगं.

पुढं १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं, तेही गावाबाहेर, सागरमाळाच्या उंचवट्यावर. साडेआठशे एकरांच्या आसपासची जागा पेठांत मिळणार कुठून! राजाराम कॉलेजही त्याच बाजूला गेलं. शिकणाऱ्यांचं गाव पूर्वेला सरकलं, गर्दीची पेठ जागच्या जागी राहिली. तरी अंतर फार वाढलं असं नाही. मध्यवर्ती बसस्थानकापासून विद्यापीठ साधारण चार किलोमीटर. परीख पुलाखालून राजारामपुरीत यायचं, तिथून माउली पुतळा, सायबर चौक, की समोर विद्यापीठाचा परिसर. चालत पाऊण तास, सायकलवर वीसेक मिनिटं. जाताना थोडा चढ लागतो, पण येताना तोच चढ उतार होऊन सगळं फेडतो.

म्हणून राजारामपुरीच्या गल्ल्या पोरांनी भरलेल्या असतात. पहिल्या गल्लीपासून चौदाव्या गल्लीपर्यंत कुठंही खोली घेतली तरी स्टँड एका बाजूला आणि विद्यापीठ दुसऱ्या बाजूला, दोन्ही चालण्याच्या टप्प्यात. स्टँड जवळ लागतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते नकाशावर दिसत नाही. ते म्हणजे एसटीनं येणारा डबा. सकाळी गावाकडची गाडी फलाटाला लागली की चार-सहा पोरं आधी ड्रायव्हरच्या केबिनकडं धावतात. गिअरच्या शेजारी, सीटच्या मागं कापडी पिशव्या खच्चून भरलेल्या. डब्यावर रंगानं नाव घातलेलं, झाकणाला तार गुंडाळलेली, क्वचित पिशवीला आमटीचा डाग. पोरगं पिशवी ओळखून उचलतं आणि कालचा रिकामा डबा तिथंच ठेवतं. ज्याची खोली स्टँडपासून लांब, त्याला हा डबा रोज आणणं झेपत नाही. मग मेस लावावी लागते. म्हणजे खोलीच्या पत्त्यानं प्रवासाचा खर्च तर ठरवलाच, जेवणाचाही ठरवला.

आता हिशेबाकडं वळू. समजा, शहराबाहेर आठशे रुपयांनी स्वस्त खोली मिळाली. आठवड्यातून दोनदा शेवटची बस चुकली आणि प्रत्येक वेळी रिक्षाला शंभर गेले, की महिन्याचे आठशे तिथंच फिटले. वर रोजचा तास-दीड तास गेला तो वेगळाच.

पोरं म्हणतात, ‘सर, गाडी घेतली की मिटलं.’ त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नाही. जाऊन-येऊन रोज आठ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे दोनशे किलोमीटर. पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तर साडेचार लिटर पेट्रोल. लिटरला शंभराच्या वर मोजले तरी पाचशेच्या आत भागतं. पण गाडी घरात आधीपासून असेल तरच हा हिशेब खरा. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि ट्रिपल सीटचा दंड त्यात धरला की पाचशेचा आकडा ओळखू येत नाही. आणि गाडी दारात असली की पोरगं पन्हाळ्याला जाणारच. त्याला पेट्रोल अभ्यासाच्या खात्यातून लागतं!

रोज गावाहून ये-जा करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी सवलती आहेत, पण कितीतरी पालकांना त्या पुरत्या माहीत नसतात. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला दोन तृतीयांश सवलत आहे, म्हणजे तीन रुपयांतला एकच रुपया भरायचा. बारावीपर्यंतच्या मुलींना तर तो पासही मोफत आहे. मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. मिरजेहून येणारी रेल्वे १८९१ पासून धावते. त्या गाडीनं येणाऱ्या विद्यार्थ्यांना मासिक पास निम्म्या दरात मिळतो, आणि पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते कॉलेज या प्रवासासाठी दुसऱ्या वर्गाचा पास मोफत मिळतो. कॉलेजचं बोनाफाईड, फोटो आणि ओळखपत्र एवढं घेऊन पहिल्याच आठवड्यात पास काढावा. जून-जुलै सुटी तिकिटं काढण्यात गेले की त्या दोन महिन्यांची बचत गेली. शहरातल्या शहरात केएमटी बसचा विद्यार्थी पास आहेच.

तरीही स्टँडबाहेर पोरं वडापच्या, म्हणजे खासगी जीपला लोंबकळताना दिसतात. पास खिशात असताना पैसे मोजून जीपमध्ये कोंबून घेणारा पोरगा मूर्ख नसतो. प्रॅक्टिकल पाच वाजता सुटतं, गावाकडची गाडी पावणेपाचला गेलेली असते आणि पुढची सातला असते. पास स्वस्त आहे, पण वेळापत्रक महाग पडतं. मुलींच्या बाबतीत तर हा वर्षभराच्या अभ्यासाचाच प्रश्न होतो. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात रात्री बसायला जागा असते, पुस्तकं असतात, पण परतीची बस नसेल तर ये-जा करणारी मुलगी सहालाच उठते. गावाकडची मुलगी संध्याकाळी सहानंतर अभ्यास करत नाही असं कुणी म्हटलं तर त्याला आधी शेवटच्या गाडीची वेळ विचारा.

यावर करायचं काय? मोठं काही मागत नाही. केएमटी आणि एसटीचं वेळापत्रक ठरवताना एकदा कॉलेजांचं वेळापत्रक समोर ठेवावं. बसथांब्यावर वेळ लिहिलेली पाटी असावी. पावसाळ्यात परीख पुलाखाली पाणी साचलं की राजारामपुरीची वाट तुटते. चालणाऱ्यांना कोरडी वाट आणि रात्री पुरेसा उजेड मिळावा. पेठांत ज्यांच्याकडं जुनी बोर्डिंगं आणि मोकळ्या जागा आहेत त्या संस्थांनी दुकानगाळ्यांचा विचार करण्याआधी चार खोल्या वाढवता येतात का ते पाहावं. हद्दवाढीवर आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत. गाव केवढं व्हावं हे ठरेल तेव्हा ठरेल, पण आज आहे त्या गावात विद्यार्थ्याला जवळ जागा देणं आपल्याच हातात आहे. गाव आटोपशीर असून त्याचा फायदा फक्त गाडीवाल्याला मिळत असेल तर त्या आटोपशीरपणाचं कौतुक कशाला करायचं?

आणि जूनमध्ये खोली बघायला येणाऱ्या पालकांना माझा एकच सल्ला आहे. घरमालकानं चहा विचारला तर घ्या, पण भाड्याचं बोलणं नंतर करा. आधी त्या खोलीपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन चालत जा आणि घड्याळ बघा. वीस मिनिटांत पोचलात तर शे-दोनशेसाठी घासाघीस करत बसू नका, खोली घेऊन टाका.