अपडेट अर्धवट राहिलं तर

उबुंटू किंवा डेबियनवर अपडेट चालू असतानाच वीज गेली, तर घाबरून सगळी सिस्टिम नव्याने टाकू नका. कोणतं पॅकेज नुसतं उलगडलंय आणि कोणतं पुरतं बसलंय, याची नोंद डीपीकेजी हा प्रोग्राम डिस्कवर ठेवतो. म्हणून थांबलेलं काम पुढे नेता येतं. टर्मिनलमध्ये लिहा: सुडो, डीपीकेजी, दोन आडव्या रेघांना जोडून कॉन्फिगर, मग जागा सोडून एक रेघ आणि लगेच ए. बहुतेकदा एवढ्यावर भागतं. संगणक नीट सुरूच होत नसेल, तर सुरुवातीच्या ग्रब मेनूतून रिकव्हरी मोड निवडा. उबुंटूत तिथे बिघडलेली पॅकेजं दुरुस्त करण्याचा पर्याय असतो. एका वेळी दोन अपडेट चालू नयेत म्हणून असलेली लॉक फाइल मात्र हाताने पुसू नका, दुसरं अपडेट खरोखरच चालू असू शकतं.